ताटातील अन्नाची पारख शिकविणाऱ्या कमला सोहोनी

झटपट खाद्यपदार्थांची पाकिटे घरोघरी पोहोचली. त्यांवरील बारीक अक्षरे वाचण्याची सवय मात्र अद्याप पुरेशी रुजलेली नाही. अन्नात काय आहे हे जाणून घेण्याचा ग्राहकाला अधिकार आहे, हा विचार मुंबईत ज्यांनी आग्रहाने मांडला, त्यांत डॉ. कमला सोहोनी यांचे नाव ठळक आहे.

पूर्वाश्रमीच्या कमला भागवत यांचा जन्म इंदूरचा. ज्येष्ठ लेखिका दुर्गाबाई भागवत यांच्या त्या भगिनी. मुंबई विद्यापीठाची पदवी मिळविल्यानंतर १९३३ मध्ये त्यांनी बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागितला. केवळ स्त्री म्हणून संचालक सर सी. व्ही. रामन यांनी तो नाकारला. कमलाबाई मागे हटल्या नाहीत. अखेर एक वर्षाच्या परीक्षाकाळाच्या अटीवर त्यांना प्रवेश मिळाला. त्यांचे काम पाहून रामन यांचे मतपरिवर्तन झाले आणि पुढे इतर मुलींनाही संस्थेचे दार उघडले.

येथेच त्यांनी दूध व कडधान्यांतील प्रथिनांचा अभ्यास केला. १९३९ मध्ये केंब्रिज विद्यापीठाने त्यांना पीएच. डी. प्रदान केली. विज्ञानातील ही पदवी मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला म्हणून त्यांचा उल्लेख होतो. परदेशात न रमता त्या मायदेशी परतल्या. दिल्लीतील अध्यापन आणि कुन्नूरच्या पोषण प्रयोगशाळेतील संशोधनानंतर मुंबईचे विज्ञान संस्थान ही त्यांची कर्मभूमी झाली.

राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या सूचनेवरून त्यांनी नीरेवर संशोधन केले. कुपोषित आदिवासी मुले व गर्भवतींच्या आहारात नीरेचा समावेश केल्यास प्रकृती सुधारते, असे त्यांतून दिसले. गरिबाला परवडणारे पोषण हाच या संशोधनाचा गाभा होता.

१९६६ मध्ये मुंबईत काही महिलांनी कन्झ्युमर गायडन्स सोसायटीची स्थापना केली. कमलाबाई तिच्या सक्रिय कार्यकर्त्या होत्या. १९८२-८३ मध्ये त्यांनी अध्यक्षपदही भूषविले. संस्थेच्या ‘कीमत’ या नियतकालिकातून त्यांनी ग्राहकांसाठी लेखन केले. भेसळ ओळखण्याच्या सोप्या चाचण्या गृहिणींच्या हाती देण्याचा त्यांचा ध्यास होता. खव्यात पिष्ट मिसळले असल्यास आयोडिनच्या थेंबाने तो निळा पडतो. मिठाईतील मेटॅनिल यलो हा बंदी असलेला रंग सौम्य आम्लाने गुलाबी होतो. अशा तपासणीला मोठी प्रयोगशाळा लागत नाही.

१९९८ मध्ये दिल्लीत सत्कार समारंभातच त्या कोसळल्या आणि त्यानंतर त्यांचे निधन झाले. अन्नसुरक्षा व मानके कायदा २००६ मध्ये आला, तो पाहणे त्यांच्या नशिबी नव्हते. या कायद्याखालील नियमांनुसार वेष्टनावर घटकद्रव्ये व पोषणमूल्ये छापावी लागतात. तरीही वाचणारे डोळे हवेतच. नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुका संत्र्यांच्या बागांसाठी ओळखला जातो. तेथील ग्राहकानेही नारिंगी पेयाची बाटली घेताना फळांच्या रसाचे प्रमाण किती, साखर किती आणि रंगासाठी ११० क्रमांकाचा सनसेट यलो वापरला आहे का, हे पाहिले पाहिजे. परवानगी असलेला रंग विशिष्ट मर्यादेत चालतो. पण तो संत्र्याची जागा घेऊ शकत नाही. हा फरक ओळखणारा ग्राहक घडावा, हेच कमलाबाईंच्या कार्याचे खरे स्मारक ठरेल.