विश्लेषण : सिकलसेलच्या वेदना १८७४ मध्येच टिपणारे डॉ. आफ्रिकानस हॉर्टन कोण होते?

सिकलसेलचा इतिहास बहुतेक वेळा १९१० पासून, म्हणजे शिकागोतील डॉ. जेम्स हेरिक यांच्या शोधनिबंधापासून सांगितला जातो. मात्र त्याच्या ३६ वर्षे आधी एका आफ्रिकी डॉक्टरने या आजाराशी जुळणारी लक्षणे लिहून ठेवली होती. त्यांचे नाव जेम्स आफ्रिकानस बील हॉर्टन.

गावातून एडिनबरापर्यंत

हॉर्टन यांचा जन्म १८३५ मध्ये सिएरा लिओनमधील फ्रीटाऊनजवळच्या ग्लॉस्टर गावात झाला. आई-वडील इग्बो समाजाचे, गुलामगिरीतून मुक्त झालेले. पश्चिम आफ्रिकेत ब्रिटिश सैनिक तापाने दगावत होते, म्हणून स्थानिक डॉक्टर घडवायचे ठरले. १८५५ मध्ये त्यासाठी निवडलेल्या तिघांपैकी हॉर्टन एक. १८५९ मध्ये एडिनबरा विद्यापीठाची एमडी मिळवताना त्यांनी नावात स्वतःहून ‘आफ्रिकानस’ जोडले.

लष्करात काय घडले?

ब्रिटिश लष्करात त्यांनी सुमारे २० वर्षे सेवा केली. गोऱ्या डॉक्टरांना आफ्रिकी सहकारी नको होते. फ्रीटाऊनमध्ये वैद्यकीय शाळा काढण्याचा हॉर्टन यांचा प्रस्तावही फेटाळला गेला. कृष्णवर्णीयांना कनिष्ठ ठरवणाऱ्यांना त्यांनी १८६८ च्या पुस्तकातून उत्तर दिले.

१८७४ च्या ग्रंथात काय होते?

उष्ण प्रदेशातील आजारांवरील या ग्रंथात त्यांनी ताप, सांध्यांतील वेदना आणि रक्तातील बिघाड यांचे वर्णन केले. त्यात आजचे अभ्यासक सिकलसेलची लक्षणे ओळखतात. लाल पेशी विळ्यासारख्या वाकतात हे मात्र हेरिक यांच्या निबंधातूनच जगाला कळले.

मातांशी संबंध काय?

इग्बो समाजात एकाच आईची मुले लागोपाठ दगावली, तर तेच मूल पुन्हा पुन्हा जन्म घेते अशी समजूत होती. अशा मुलाला ‘ओगबांजे’ म्हणत आणि अनेकदा दोष आईवर येई. यातील बऱ्याच मृत्यूंमागे सिकलसेल असावा, असे डॉक्टर मानतात. आई-वडील दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गरोदरपणात बाळाला हा आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते.

आज परिस्थिती काय?

जगातील दर १० सिकलसेल रुग्णांपैकी सुमारे आठ सहाराच्या दक्षिणेकडील आफ्रिकेत आहेत. या आजाराच्या गर्भवतींना मृत्यूचा धोका इतरांपेक्षा ४ ते ११ पट असल्याचे जागतिक आरोग्य संघटना सांगते. संघटनेने गरोदरपणातील सिकलसेलवर पहिली जागतिक मार्गदर्शक तत्त्वे दिली ती जून २०२५ मध्ये. फॉलिक अ‍ॅसिड, मलेरियापासून बचाव, वेदनांवर वेळेत उपचार आणि गरज पडल्यास रक्त, हा या काळजीचा गाभा. गडचिरोली, नंदुरबारसारख्या आदिवासीबहुल भागांतही हा आजार आढळतो, त्यामुळे लग्नाआधी किंवा गरोदरपणाच्या सुरुवातीला रक्ततपासणी इथेही तितकीच मोलाची आहे.

हॉर्टन १८८३ मध्ये, वयाच्या ४८ व्या वर्षी फ्रीटाऊनमध्ये वारले. त्यांनी टिपलेल्या वेदनेला नाव मिळायला आणखी ३९ वर्षे लागली. ‘सिकलसेल अ‍ॅनिमिया’ ही संज्ञा १९२२ मध्ये आली.