ज्याने शहरात वायरी नेल्या, तोच एडिसन जंगलात बॅटऱ्या घेऊन गेला

दसरा-दिवाळीच्या सुमारास धाराशिवच्या कळंब, वाशी, भूम, परंडा भागातून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत अख्खा संसार भरतात आणि फडाजवळ कोपी टाकतात. अशा ठिकाणी ना मीटर असतो ना खांब, त्यामुळे रात्रीचा हिशोब एकच. बॅटरी किती उरलीय आणि ती सकाळपर्यंत पुरेल का?

या हिशोबावर आयुष्यातली दहा वर्षं घालवणारा माणूस आपल्याला फक्त बल्बसाठी माहितीये. थॉमस अल्वा एडिसन.

जन्म 11 फेब्रुवारी 1847, अमेरिकेच्या ओहायो राज्यातल्या मिलान गावचा. लहानपणापासून ऐकायला कमी यायचं, शाळेतही फार टिकला नाही. पोरवयातच तारायंत्र शिकला आणि गावोगावच्या तार ऑफिसात नोकऱ्या करत फिरला. त्या काळी तारा बॅटरीवरच चालायच्या. 1867 मध्ये लुईव्हिलच्या ऑफिसात रात्रपाळीला प्रयोग करताना त्याच्या हातून ॲसिड सांडलं. ते फळ्यांच्या फटीतून झिरपून थेट खाली साहेबाच्या टेबलावर. सकाळी नोकरी गेली.

पुढचं सगळ्यांना पाठ आहे. 1879 चा बल्ब आणि 1882 मध्ये न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीटवरचं वीजघर. पण वायर जिथे संपते तिथे बल्बही संपतो. 1899 च्या सुमारास त्याने त्याच प्रश्नाला हात घातला.

तेव्हा अमेरिकेच्या रस्त्यांवर इलेक्ट्रिक गाड्या बऱ्याच होत्या. त्यात शिसं आणि ॲसिडची जड बॅटरी असायची. एडिसनने ॲसिडऐवजी पोटॅशचं अल्कली पाणी घेतलं, शिशाऐवजी निकेल आणि लोखंड घेतलं, आणि सगळं स्टीलच्या डब्यात बसवलं. मोठा गाजावाजा करून माल बाजारात आणला. आणि डबे गळायला लागले, बॅटरीचा जोर उतरायला लागला. 1904 मध्ये त्याने उत्पादनच थांबवलं. साठीकडे झुकलेला, जगभर नाव झालेला माणूस पुन्हा प्रयोगशाळेत जाऊन बसला. सुधारलेली बॅटरी आली 1909 मध्ये. तोवर फोर्डची पेट्रोलवरची मॉडेल टी रस्त्यावर आली होती.

तरी ही बॅटरी वाया गेली नाही. खाणीतले दिवे, रेल्वेचे सिग्नल, माल पोचवणाऱ्या गाड्या यांत ती चालली. कारण तिचा स्वभाव वेगळा होता. शिशाची बॅटरी रिकामी करून तशीच ठेवली की पट्ट्यांवर सल्फेटचा थर घट्ट बसतो आणि ती कायमची दुबळी होते. म्हणून जाणते लोक ती साधारण अर्ध्याच्या खाली उतरू देत नाहीत. एडिसनची बॅटरी पूर्ण उतरली तरी मरत नसे. पण ती पडल्या पडल्या उतरायची, थंडीत मंद व्हायची, वारंवार पाणी मागायची आणि एकदम मोठा करंट द्यायला कुरकुरायची. फोर्डला ती गाडीच्या स्टार्टरसाठी हवी होती, तिथे ती चालली नाही.

शिवाय चार्ज-डिस्चार्ज होताना ती हायड्रोजन सोडायची. जानेवारी 1916 मध्ये ब्रुकलिनच्या गोदीत ई-2 या पाणबुडीवर एडिसनच्या बॅटऱ्यांची चाचणी चालू होती. साचलेल्या हायड्रोजनचा स्फोट झाला आणि माणसं दगावली. ट्रेलरमध्ये साध्या शिशाच्या बॅटरीजवळही हवा खेळती ठेवायला सांगतात ते याच गॅसमुळे.

त्याच काळात एडिसन दर काही उन्हाळ्यांत कॅम्पिंगला निघायचा. सोबत हेन्री फोर्ड, टायरवाले हार्वे फायरस्टोन आणि निसर्गलेखक जॉन बरोज. गाड्यांचा ताफा, सामानाचे ट्रक, स्वयंपाकी, चालतं-फिरतं स्वयंपाकघर. याला कॅम्पिंग म्हणायचं की वरात, हे ज्याचं त्याने ठरवावं. जंगलातल्या त्या तंबूंत बल्ब लागायचे, आणि वीज यायची एडिसनच्या बॅटऱ्यांमधून. 1921 मध्ये तर राष्ट्राध्यक्ष हार्डिंगही तिथे येऊन राहिले.

तो उजेड किती महाग होता ते असं पाहा. आजच्या 12 व्होल्ट, 100 अँपिअर-अवरच्या शिशाच्या बॅटरीत 1200 वॉट-अवर मावतात. अर्धीच वापरायची म्हणजे हाताशी 600. तारेचे 40 वॉटवाले चार बल्ब ते पावणेचार तासांत संपवतील. 5 वॉटचे चार एलईडी त्यावर तीस तास जळतील. कोपीतला दिवा आज रात्रभर टिकतो, त्यात बॅटरीपेक्षा या एलईडीचा वाटा मोठा आहे.

कॅम्पिंगच्या या सहली 1924 पर्यंत चालल्या. बरोज 1921 मध्येच वारले होते. एडिसन 18 ऑक्टोबर 1931 रोजी वेस्ट ऑरेंजच्या घरी गेला. त्याची बॅटरी मात्र बनत राहिली. 1972 मध्ये तो धंदा शिशाच्या बॅटऱ्या विकणाऱ्या एक्साइड कंपनीने विकत घेतला आणि तीन वर्षांत बंद केला.