क्रांतिकारक कृषिशास्त्रज्ञ डॉ. पांडुरंग खानखोजे

परकीय सत्ता शस्त्राने उलथून टाकण्याचा ध्यास घेतलेल्या वर्ध्याच्या एका तरुणाला मेक्सिकोने कृषिशास्त्रज्ञ म्हणून डोक्यावर घेतले. स्वतःच्या देशाचे दार मात्र त्याला दीर्घकाळ बंद राहिले. डॉ. पांडुरंग सदाशिव खानखोजे यांच्या जीवनाची शोकांतिका आणि थोरवी या एका विसंगतीत सामावलेली आहे.

१८८४ मध्ये जन्मलेले खानखोजे विद्यार्थिदशेतच लोकमान्य टिळकांच्या विचारांनी भारले गेले. १९०६ मध्ये त्यांनी देश सोडला आणि जपानमार्गे ते अमेरिकेस पोहोचले. तेथे एकीकडे लष्करी शिक्षण आणि दुसरीकडे शेतीशास्त्राचा अभ्यास असा दुहेरी क्रम त्यांनी आरंभिला. वॉशिंग्टन राज्यातील महाविद्यालयातून १९१३ मध्ये त्यांनी कृषी विषयाची उच्च पदवी मिळवली. त्याच वर्षी उभ्या राहिलेल्या गदर पक्षाच्या संस्थापकांत त्यांची गणना होते. पहिल्या महायुद्धात इराणच्या भूमीवर ते ब्रिटिश फौजांविरुद्ध लढले. पुढे १९२१ मध्ये मॉस्कोला गेलेल्या भारतीय क्रांतिकारकांच्या गटातही ते होते. युद्ध संपले, पण मायदेशी परतणे म्हणजे तुरुंगाला निमंत्रण होते. अखेर १९२४ मध्ये त्यांनी मेक्सिको गाठले.

चापिंगो येथील राष्ट्रीय कृषी विद्यालयात ते प्राध्यापक झाले. मेक्सिकोच्या पठारी भागात पावसाचा भरवसा नव्हता, थंडीत दहिवर पिके जाळी आणि गव्हावर तांबेरा पडे. अशा ठिकाणी केवळ अधिक उतारा देणारे वाण पुरेसे नसते. ओल आटण्यापूर्वी दाणा भरणारे, मुळे खोलवर नेणारे आणि रोगाला दाद न देणारे झाड हेरावे लागते. त्याचे बी वेगळे राखून, दुसऱ्या गुणी वाणाशी संकर करून, पुढील पिढ्यांत ते गुण टिकतात की नाही हे हंगामामागून हंगाम तपासावे लागते. खानखोजे यांनी गहू, मका, तूर, सोयाबीन अशा पिकांवर हे चिकाटीचे काम केले आणि अवर्षण व थंडीला तोंड देणारे वाण विकसित केले. मका सुधारणेच्या सरकारी कार्यक्रमाचे नेतृत्वही त्यांच्याकडे आले.

हे ज्ञान विद्यालयाच्या भिंतींआड राहू नये, म्हणून शेतकऱ्यांसाठी मुक्त कृषिशाळा काढण्यात त्यांनी पुढाकार घेतला. छायाचित्रकार टीना मोदोत्ती यांनी त्यांच्या कार्याची छायाचित्रे टिपली. चित्रकार दिएगो रिव्हेरा यांनी मेक्सिको सिटीतील शिक्षण मंत्रालयाच्या भिंतीवर, मेजाच्या अग्रभागी बसून भाकरी मोडणाऱ्या पुरुषाच्या रूपात त्यांना चितारले. १९३६ मध्ये एका बेल्जियन तरुणीशी त्यांचा विवाह झाला.

स्वातंत्र्यानंतरही ब्रिटिशांच्या काळ्या यादीचे सावट लगेच सरले नाही. १९४९ मध्ये तत्कालीन मध्य प्रांताच्या सरकारने शेतीविषयक सल्ल्यासाठी त्यांना पाचारण केले. १९५५ मध्ये ते कायमचे परतले आणि नागपुरात स्थायिक झाले. परंतु आयुष्यभराच्या अनुभवाचा पुरेसा उपयोग देशाने करून घेतला, असे म्हणता येत नाही.

१९६६ मध्ये भारताने मेक्सिकोतून १८ हजार टन गव्हाचे बियाणे मागवले. नॉर्मन बोरलॉग यांच्या त्या बुटक्या वाणांनी हरितक्रांती घडवली. पुढच्याच वर्षी, १९६७ मध्ये, खानखोजे यांचे निधन झाले. त्या वाणांना मात्र भरपूर पाणी आणि खते लागत. कोरडवाहू शेतकऱ्याचा प्रश्न शिल्लकच राहिला. निफाडचे गहू संशोधन केंद्र आणि पुण्याची आघारकर संशोधन संस्था यांनी पावसाच्या पाण्यावर येणाऱ्या वाणांसाठी केलेले प्रयत्न याच प्रश्नाशी जोडलेले आहेत. चापिंगोत २०२२ मध्ये लोकसभा अध्यक्ष ओम बिर्ला यांच्या हस्ते खानखोजे यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. ज्या विदर्भात ते जन्मले, तेथील बहुतांश शेती आजही आभाळाकडे डोळे लावून असते. त्यांच्या कार्याची खरी आठवण तेथे अधिक निकडीची आहे.