रुडॉल्फ डीझेल

रस्त्यावरून धावणारी मालमोटार, शेतातील ट्रॅक्टर आणि समुद्रावरील जहाज ह्यांना गती देणाऱ्या यंत्राला आपण डीझेल एंजिन म्हणतो. पंपावर मिळणाऱ्या तेलालाही आपण डीझेलच म्हणतो. परंतु डीझेल हे मुळात तेलाचे नाव नव्हे. ते एका माणसाचे आडनाव आहे. त्या माणसाच्या हयातीतच त्याचे यंत्र भुईमुगाच्या तेलावर चालले होते.

रुडॉल्फ डीझेल ह्याचा जन्म १८ मार्च १८५८ रोजी पॅरिस येथे झाला. त्याचे आईवडील जर्मन होते. १८७० साली फ्रान्स व प्रशिया ह्यांच्यात युद्ध पेटले आणि ह्या कुटुंबाला पॅरिस सोडून लंडन गाठावे लागले. तेथे चरितार्थ चालवणे कठीण झाले, तेव्हा बारा वर्षांच्या रुडॉल्फला जर्मनीतील औग्सबर्ग येथे नातेवाइकांकडे पाठवण्यात आले. तेथील शाळेत त्याला यंत्रांची गोडी लागली. पुढे म्यूनिक येथील तंत्रशाळेत तो उत्तम गुणांनी उत्तीर्ण झाला.

तेथे प्राध्यापक लिंडे ह्यांच्याकडे शिकत असता एक गोष्ट त्याच्या मनाला लागून राहिली. वाफेच्या यंत्रात जाळलेल्या कोळशाच्या उष्णतेपैकी जेमतेम दहावा भाग कामी येत असे. बाकीची सारी वाया जाई. हा अपव्यय थांबवायचा, असा ध्यास त्याने घेतला.

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो, हे तुम्ही अनुभवले असेल. हवा दाबली की ती तापते. नळकांड्यातील हवा दट्ट्याने अतिशय जोराने दाबली, तर ती इतकी तापेल की, आत सोडलेले इंधन ठिणगीवाचूनच पेट घेईल, ही डीझेलची कल्पना होती. औग्सबर्ग येथील कारखान्यात त्याने यंत्र बांधले. १० ऑगस्ट १८९३ रोजी पहिली चाचणी झाली. इंधन पेटले खरे. पण स्फोट होऊन दाब मोजण्याचे उपकरणच फुटले. डीझेल थोडक्यात बचावला. तरीही तो खचला नाही. यंत्रातील एकेक दोष काढत त्याने जवळजवळ चार वर्षे घालवली. अखेर १८९७ साली त्याच्या यंत्राने इंधनातील उष्णतेचा चौथ्या हिश्शाहून अधिक भाग कामी लावून दाखवला.

१९०० साली पॅरिस येथे मोठे जागतिक प्रदर्शन भरले. तेथे एक लहान डीझेल एंजिन मांडले होते. आफ्रिकेतील वसाहतींत भुईमूग विपुल पिकत असे. तेथल्याच तेलावर यंत्रे चालवता येतील काय, हे फ्रेंच सरकारला पाहायचे होते. म्हणून त्या एंजिनात भुईमुगाचे तेल घालण्यात आले. ते खनिज तेलासाठी बनवलेले होते व त्यात कसलाही बदल केला नव्हता. तरी ते इतके सुरळीत चालले की, ही गोष्ट फार थोड्या प्रेक्षकांच्या ध्यानात आली. पुढे डीझेलने स्वतःही असे प्रयोग केले. वनस्पतितेलांना आज महत्त्व नसले, तरी कालांतराने ती खनिज तेलाच्या तोडीची ठरू शकतील, असे मत त्याने १९१२ साली मांडले.

हे पाहण्यास तो राहिला नाही. कीर्ती मिळाली, तरी प्रकृती ढासळली होती आणि कर्जाचा डोंगर वाढला होता. २९ सप्टेंबर १९१३ च्या रात्री इंग्लंडला जाणाऱ्या जहाजावरून तो नाहीसा झाला. काही दिवसांनी त्याचा देह समुद्रात आढळला. त्याचा अंत कसा झाला, ह्याचा उलगडा कधीच झाला नाही.

त्यानंतर स्वस्त खनिज तेल सर्वत्र मिळू लागले आणि एंजिने त्या पातळ तेलाला साजेशी बनत गेली. वनस्पतितेल दाट असते. आजच्या गाडीत ते तसेच ओतले तर इंधन फवारणारी बारीक छिद्रे चोंदतात. म्हणून काही जण गाडीत दुसरी टाकी बसवतात व एंजिनाच्याच उष्णतेने ते तेल तापवून पातळ करतात. अशी गाडी सुरू करताना व बंद करण्यापूर्वी मात्र नेहमीचे डीझेल वापरावे लागते. दुसरा मार्ग रसायनशास्त्राचा आहे. तेलावर अल्कोहोलची क्रिया घडवून त्यातील ग्लिसरीन वेगळे काढले की, जैवडीझेल तयार होते. तळणीचे वापरलेले तेलही ह्या कामी येते.

डीझेलचे नाव जमिनीच्या पोटातून निघणाऱ्या तेलाला मिळाले. परंतु शेतात पिकणाऱ्या तेलाचे मोलही त्याने शतकापूर्वीच ओळखले होते.