शॉकअपमधला माणूस

गेल्या दिवाळीत मी घरी गेलो तो तोंड पाडूनच. फायनल इयर प्रोजेक्टचा विषय तिसऱ्यांदा परत आला होता. दोन महिन्यांची ड्रॉइंग्ज पाण्यात! पण घरी रडगाणं गायला सवड कुणाला होती? बाबांनी आमच्या २००५ सालच्या एस्टीमचे पुढचे शॉकअप बदलायला काढले होते. गाडी स्पीडब्रेकरवरून गेली की होडीसारखी डुलत राहायची. म्हणून आधीच्यापेक्षा जरा कडक, गॅस भरलेली नवी जोडी आणून ठेवली होती. मला बघताच त्यांनी माझ्या हातात पाना दिला.

जॅक लावला, मागच्या चाकांना विटा लावल्या आणि गाडी स्टँडवर ठेवली. चाक काढलं. ब्रेकचा पाइप ताणला जाऊ नये म्हणून हब तारेने बांधून घेतला. खालचे दोन बोल्ट आणि बॉनेटखालचे वरचे नट काढले, तेव्हा स्प्रिंगसकट अख्खा दांडा हातात आला. आता मधला नट खोलायचा तेवढा बाकी, असं मला वाटलं. बाबा ओरडलेच! ती स्प्रिंग दाबून बसवलेली असते. स्प्रिंग कॉम्प्रेसरने आवळल्याशिवाय तो नट सोडला, तर ती उसळून जीवच घेऊ शकते. तिसऱ्या वर्षी या विषयावर टीप लिहून मी चांगले मार्क मिळवले होते, पण ही गोष्ट मला ठाऊक नव्हती.

नव्या शॉकअपच्या खोक्यावर छापलं होतं: मॅकफर्सन स्ट्रट. हा मॅकफर्सन कोण, हे आपल्यापैकी किती जणांना माहीत आहे? मला तरी नव्हतं. सुट्टीचे उरलेले दिवस मी त्याच्या मागे लागलो.

अर्ल मॅकफर्सन १८९१ मध्ये अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या हायलंड पार्क इथे जन्मला. १९१५ मध्ये तो इलिनॉय विद्यापीठातून इंजिनिअर झाला आणि चाल्मर्स कंपनीत लागला. पहिल्या महायुद्धात युरोपात जाऊन विमानांच्या इंजिनांवर काम केलं. परत आल्यावर लिबर्टी, मग हप, अशा मोटार कंपन्या करत १९३४ मध्ये जनरल मोटर्समध्ये पोचला. पुढच्याच वर्षी तो शेव्हरोलेचा मुख्य डिझाइन इंजिनिअर झाला.

१९४५ मध्ये युद्ध संपलं आणि त्याला एका छोट्या गाडीची जबाबदारी मिळाली. तिचं नाव कॅडेट. वजन सुमारे १००० किलो आणि किंमत १००० डॉलरच्या आत, असं गणित होतं. स्वस्त गाडीला साधी पाटा स्प्रिंग देऊन कुणीही मोकळा झाला असता. मॅकफर्सनला मात्र चारही चाकं स्वतंत्रपणे वर-खाली होणारी हवी होती.

तेव्हाच्या रीतीप्रमाणे त्यासाठी प्रत्येक चाकाला वर एक, खाली एक असे दोन आर्म, वेगळी स्प्रिंग आणि वेगळा शॉकअप लागायचा. त्याने वरचा आर्म काढूनच टाकला. शॉकअपचा दांडा जाड केला, चाकाला घट्ट जोडला, त्याच्याभोवती स्प्रिंग बसवली आणि वरचं टोक थेट बॉडीला टेकवलं. म्हणजे धक्के शोषणारा भागच चाकाला उभं धरणारा खांब झाला. भाग कमी आणि जागा मोकळी! इटलीत फियाटच्या ग्वीदो फोर्नाका यांनी १९२० च्या दशकात अशाच धर्तीची रचना मांडली होती. पण कारखान्यात हजारोंनी बनवता येईल असं रूप तिला मॅकफर्सनने दिलं.

आणि १९४७ मध्ये कॅडेट रद्द झाली. युद्धानंतर मोठ्या गाड्यांनाच रांगा लागल्या होत्या, छोट्या गाडीत नफा दिसेना. दोन वर्षांचं काम कपाटात गेलं. त्याचं वय तेव्हा ५६. या वयात माणसं निवृत्तीचे हिशोब करतात. हा गडी त्याच वर्षी प्रतिस्पर्धी फोर्डमध्ये गेला!

तिथे त्याची रचना पहिल्यांदा रस्त्यावर आली, तीही इंग्लंडमध्ये. १९५० मध्ये इंग्लंडच्या फोर्डने कॉन्सल आणि झेफिर या घरगुती सेदान दाखवल्या आणि ही रचना मोठ्या संख्येने बनू लागली. त्यात अँटी-रोल बारच खालच्या आर्मला पुढे-मागे हलण्यापासून धरून ठेवायचा. एका भागाकडून दोन कामं! १९४७ आणि १९४९ मध्ये अर्ज केलेली पेटंट १९५३ मध्ये मंजूर झाली, पण ती कंपन्यांच्या नावे. १९५२ मध्ये तो फोर्डचा मुख्य इंजिनिअर झाला, १९५८ मध्ये निवृत्त झाला आणि १९६० मध्ये वारला.

अमेरिकेतल्या मोठ्या गाड्यांनी त्याच्या हयातीत या रचनेकडे पाठच फिरवली. पुढे आडव्या इंजिनाच्या, पुढच्या चाकांवर चालणाऱ्या छोट्या गाड्या आल्या आणि त्या मोकळ्या जागेची खरी किंमत कळली. १९८३ मध्ये आलेल्या आपल्या मारुती ८०० च्या पुढच्या चाकांना हाच स्ट्रट होता. दोष नाहीत असं नाही. वळणावर गाडी कलली की चाकाचा कोन दोन आर्मइतका नीट राहत नाही, आणि उंच दांड्यामुळे बॉनेटही उंच ठेवावं लागतं. पण कमी खर्चात इतकं काम करणारं दुसरं काय आहे?

आमचं काम दोन दिवस चाललं. गाडी जमिनीवर टेकवून शेवटचे बोल्ट आवळले आणि दुसऱ्या दिवशी व्हील अलाइनमेंट करून घेतलं. आता एस्टीम खड्ड्यात एकदाच दबते आणि गप्प बसते. बाबा भलतेच खूश!

हॉस्टेलवर परतल्यावर मी ती ड्रॉइंग्ज पुन्हा काढली. फेकली नाहीत. वरचा आर्म कुठला, तो आधी शोधतोय.