पर्ल बक: नोबेल विजेत्या लेखिकेने जगापासून लपवलेली मुलगी आणि एका दुर्मीळ आजाराची गोष्ट

ॲस्पार्टेम असलेल्या डाएट शीतपेयाच्या कॅनवर किंवा साखरेऐवजी वापरायच्या गोळ्यांच्या डबीवर अगदी बारीक अक्षरांत एक सूचना छापलेली असते. फिनाइलकीटोन्यूरिया असलेल्या व्यक्तींनी हे घेऊ नये, असं ती सांगते. बहुतेकांची नजर त्या ओळीवरून सरकून जाते. पण ज्या घरात हा आजार आहे, त्या घरात ही ओळ सगळ्यात आधी वाचली जाते.

या आजाराला नावही नव्हतं, तेव्हा तो एका लेखिकेच्या घरी आला होता. त्या लेखिकेचं नाव पर्ल बक. ‘द गुड अर्थ’ या कादंबरीमुळे जगभर पोहोचलेल्या, साहित्याचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या अमेरिकन महिला. देव आनंद यांच्या ‘गाइड’ची जी इंग्रजी आवृत्ती निघाली, तिच्या पटकथेतही त्यांचा हात होता. मात्र आपल्याला एक मतिमंद मुलगी आहे, ही गोष्ट त्यांनी वाचकांपासून अनेक वर्षं लपवून ठेवली होती.

चीनमध्ये वाढलेली अमेरिकन मुलगी

पर्ल यांचा जन्म २६ जून १८९२ रोजी अमेरिकेतल्या वेस्ट व्हर्जिनियात झाला. आईवडील ख्रिस्ती मिशनरी होते आणि चीनमध्ये काम करत. पर्ल काही महिन्यांच्या असतानाच कुटुंब चीनला परतलं. यांगत्झे नदीकाठच्या झेनज्यांग शहरात त्यांचं बालपण गेलं. आईकडून इंग्रजी आणि सांभाळणाऱ्या बाईकडून चिनी, अशा दोन भाषा त्या एकदमच शिकल्या.

कॉलेजच्या शिक्षणासाठी त्या अमेरिकेला गेल्या आणि १९१४ मध्ये पदवी घेऊन पुन्हा चीनमध्ये आल्या. १९१७ मध्ये त्यांनी जॉन लॉसिंग बक या शेतीतज्ज्ञाशी लग्न केलं. मार्च १९२० मध्ये त्यांना मुलगी झाली. तिचं नाव ठेवलं कॅरल.

कॅरल दिसायला गोंडस होती. सोनेरी केस, निळे डोळे. पण याच बाळंतपणाच्या वेळी पर्ल यांच्या गर्भाशयात गाठ असल्याचं आढळलं आणि पुढे शस्त्रक्रिया करावी लागली. त्यामुळे त्यांना पुन्हा मूल होणार नव्हतं. पुढे १९२५ मध्ये त्यांनी जॅनिस नावाची मुलगी दत्तक घेतली.

काहीतरी चुकतंय, पण काय?

कॅरलच्या अंगावर लहानपणी इसब उठायचं. वाढत्या वयात ती इतर मुलांसारखी बोलायला लागली नाही. प्रत्येक मुलाची वाढ वेगवेगळी असते, बोलेल सावकाश, असा दिलासा आसपासचे लोक देत राहिले. आईच्या मनातली पाल मात्र चुकचुकत होती.

१९२४ मध्ये बक कुटुंब अमेरिकेला आलं, तेव्हा पर्ल मुलीला घेऊन डॉक्टरांच्या पायऱ्या चढू लागल्या. मिनेसोटातल्या प्रसिद्ध मेयो क्लिनिकमध्ये सगळ्या तपासण्या झाल्या. शरीरात दोष सापडला नाही. कारण सांगता येत नाही, पण आशा सोडू नका, असं एका डॉक्टरांनी सांगितलं. पर्ल बाहेर पडत असताना दुसऱ्या एका डॉक्टरांनी त्यांना बाजूला घेतलं. तुमची मुलगी कधीच सर्वसामान्य होणार नाही, खोट्या आशेपायी आयुष्य आणि पैसा घालवू नका, ती आनंदात राहील अशी जागा शोधा, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. तो घाव खोल होता. पण खरं बोलल्याबद्दल त्या माणसाचे उपकार पर्ल कधी विसरल्या नाहीत.

तरीही त्यांनी लगेच हार मानली नाही. चीनला परतल्यावर त्या कॅरलला लिहायला-वाचायला शिकवू लागल्या. रोज, चिकाटीने. एक दिवस अक्षर गिरवून घेण्यासाठी त्यांनी लेकीचा हात हातात घेतला, तर तो घामाने ओलाचिंब होता. आईला बरं वाटावं म्हणून ते मूल जिवाच्या आकांताने धडपडत होतं आणि त्याला त्यातलं काहीच कळत नव्हतं. त्या दिवशी पर्ल यांनी पुस्तकं बाजूला ठेवली.

लोकांच्या नजरेचा अनुभवही त्या घेत होत्या. चिनी शेजाऱ्यांनी कॅरलला जशी आहे तशी स्वीकारलं होतं. शांघायच्या रस्त्यावर मात्र दोन अमेरिकन तरुणींनी तिच्याकडे टक लावून पाहिलं आणि ती वेडी असल्याचा शेरा मारला. आपल्या माघारी या मुलीचं कसं होणार, हा प्रश्न आता टाळता येणार नव्हता. १९२७ मध्ये नानजिंगमध्ये परदेशी लोकांवर हल्ले झाले आणि बक कुटुंबाला एका गरीब चिनी बाईच्या झोपडीत लपून जीव वाचवावा लागला, तेव्हा तर तो आणखी टोकदार झाला.

मुलीच्या खर्चासाठी लेखणी

१९२९ मध्ये पर्ल यांनी नऊ वर्षांच्या कॅरलला न्यू जर्सीतल्या व्हाइनलँड ट्रेनिंग स्कूल या निवासी संस्थेत ठेवलं. ही संस्था निवडण्यापूर्वी त्यांनी अनेक संस्था पाहिल्या होत्या. काही ठिकाणी मुलांना गुरांसारखं कोंडलेलं होतं. व्हाइनलँडमध्ये मुलांचा आनंद आधी आणि शिक्षण नंतर, असा दृष्टिकोन होता. सुरुवातीचा महिनाभर मुलीला भेटायचं नाही, असा नियमही होता. तो पाळणं त्यांना फार जड गेलं.

संस्थेचा खर्च मोठा होता. पर्ल यांनी त्यासाठी कर्ज काढलं आणि चीनला परतल्यावर नानजिंगच्या घरी माळ्यावरच्या खोलीत त्या लिहायला बसल्या. काही महिन्यांतच ‘द गुड अर्थ’ लिहून झाली. १९३१ मध्ये ती प्रसिद्ध झाली आणि अमेरिकेत त्या वर्षीची आणि पुढच्या वर्षीचीही सर्वाधिक खपाची कादंबरी ठरली. १९३२ मध्ये पुलित्झर आणि १९३८ मध्ये नोबेल मिळालं. या कमाईतून त्यांनी व्हाइनलँडला मोठी देणगी दिली आणि कॅरलच्या आयुष्यभराच्या राहण्याची सोय करून ठेवली.

कादंबरीतल्या वांग लुंग या शेतकऱ्याची थोरली मुलगी मतिमंद आहे. आपण गेल्यावर तिला कोण बघणार, या काळजीने तो बाप म्हातारपणीही पोखरलेला असतो. लाखो लोकांनी ते वाचलं. ही काळजी कुठून आली, हे त्यांना माहीत नव्हतं. प्रकाशकांना आणि वार्ताहरांना आपली माहिती देताना पर्ल कॅरलचा विषय येऊ देत नसत. घरात असं मूल असणं तेव्हा कलंक मानलं जाई. आईवडिलांच्या पापाचं फळ किंवा वाईट रक्त, अशी कारणं शिकलीसवरलेली माणसंही देत.

एका लेखाने फोडलेली कोंडी

तरीही कुजबुज पसरलीच. असंच मूल घरी असलेले पालक पर्ल यांना पत्रं लिहून विचारू लागले, की आम्ही काय करू? या पत्रांना उत्तर म्हणून १९५० मध्ये त्यांनी ‘लेडीज होम जर्नल’ या खपाच्या मासिकात कॅरलची गोष्ट लिहिली. त्याच वर्षी ती ‘द चाइल्ड हू नेव्हर ग्र्यू’ नावाने पुस्तकरूपात आली. तेव्हा कॅरल तीस वर्षांची होती. पुस्तकाचं उत्पन्न व्हाइनलँडला गेलं.

त्या छोट्या पुस्तकात उपचाराचा एकही शब्द नाही, कारण उपचार नव्हताच. मुलाची लाज बाळगू नका, जे होणार नाही त्यामागे धावू नका आणि दुःखातून वाट काढण्याचा पहिला टप्पा म्हणजे ते मान्य करणं, एवढंच त्यात होतं. पण एक नोबेल विजेती बाई हे स्वतःच्या नावानिशी सांगते आहे, याचाच पालकांना आधार वाटला.

योगायोग असा, की त्याच वर्षी अमेरिकेतल्या विखुरलेल्या पालक गटांनी मिनियापोलिसमध्ये एकत्र येऊन राष्ट्रीय संघटना स्थापन केली. आज ती ‘द आर्क’ या नावाने ओळखली जाते.

पर्ल यांच्या सल्ल्याची एक बाजू आज अनेकांना खटकते. मुलाला चांगल्या संस्थेत ठेवणं हाच त्यांना योग्य मार्ग वाटला होता. आज कुटुंबाला मदत देऊन मूल घरीच, समाजात वाढावं यावर भर असतो. पण १९२९ मध्ये अशी मदत देणारं कुणीच नव्हतं, हेही लक्षात घ्यावं लागतं.

आजाराचं नाव कळलं, पण उशिरा

कॅरलला नेमकं काय झालं होतं, हे पर्ल यांना १९६०च्या दशकात कळलं. तो फिनाइलकीटोन्यूरिया, म्हणजेच पीकेयू होता.

दूध, डाळ, अंडी, मांस यांतल्या प्रथिनांमध्ये फिनाइलॲलनिन नावाचा घटक असतो. यकृतातलं एक एन्झाइम त्याचं रूपांतर करतं. पीकेयूमध्ये हे एन्झाइम जवळजवळ काम करत नाही. मग फिनाइलॲलनिन रक्तात साचतं आणि वाढत्या मेंदूला इजा करतं. बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. ज्या दुधावर ते वाढतं, तेच त्याला हळूहळू बाधतं. इसब आणि फिकट केस-डोळे ही या आजाराची लक्षणं असतात.

आजार आनुवंशिक आहे, पण तो एकट्या आईकडून किंवा एकट्या वडिलांकडून येत नाही. दोघांकडूनही सदोष जनुक आलं तरच तो होतो. असे आईवडील स्वतः निरोगी असतात आणि त्यांच्या प्रत्येक मुलाला आजार होण्याची शक्यता चारात एक असते. म्हणजे कॅरलच्या आजारात दोष कुणाचाच नव्हता.

या आजाराचा शोधही पालकांच्या हट्टातूनच लागला. नॉर्वेतली एक आई आपल्या दोन मुलांच्या लघवीला विचित्र वास का येतो, हे वर्षानुवर्षं विचारत फिरत होती. १९३४ मध्ये डॉ. आस्ब्यर्न फॉलिंग यांनी तिचं ऐकलं, लघवी तपासली आणि आजार ओळखला. कॅरल तेव्हा चौदा वर्षांची होती. इंग्लंडमधल्या बर्मिंगहॅममध्ये एका मुलीची आई रोज सकाळी डॉ. हॉर्स्ट बिकेल यांना गाठून उपचाराची मागणी करत असे. त्यातून फिनाइलॲलनिन अगदी कमी असलेला आहार तयार झाला आणि १९५३ मध्ये त्याचे परिणाम प्रसिद्ध झाले. कॅरल तेव्हा तेहतीस वर्षांची होती. हा आहार जन्मानंतर काही आठवड्यांतच सुरू करावा लागतो. मेंदूला झालेली इजा नंतर भरून येत नाही.

मग प्रश्न उरला, की ठणठणीत दिसणाऱ्या बाळातला आजार ओळखायचा कसा? अमेरिकेतल्या बफेलो शहरातले डॉ. रॉबर्ट गथ्री स्वतः मतिमंद मुलाचे वडील होते आणि तिथल्या पालक संघटनेत काम करत. त्यांच्या मेव्हणीच्या मुलीलाही पीकेयू होता. त्यांनी बाळाच्या टाचेतून रक्ताचे थेंब टिपकागदावर घेऊन करायची स्वस्त चाचणी तयार केली. १९६१ मध्ये राष्ट्रीय पालक संघटनेने पीकेयू असलेल्या दोन बहिणींना आपल्या प्रचाराचा चेहरा बनवलं. थोरलीचं निदान उशिरा झालं होतं, धाकटीचं वेळेत. दोघींमधला फरक पाहणाऱ्याला आणखी काही समजावण्याची गरज नव्हती. संघटनेने कायद्यासाठी रेटा लावला आणि १९६३ मध्ये मॅसॅच्युसेट्सने नवजात बाळांची ही चाचणी सक्तीची केली. इतर राज्यंही मागोमाग आली.

भारतात ही चाचणी अजून सरसकट होत नाही. गोव्याने २००८ मध्ये सरकारी पातळीवर नवजात बालकांची तपासणी सुरू केली होती. केंद्र सरकारच्या २०२१च्या दुर्मीळ आजार धोरणात पीकेयूचा समावेश विशेष आहाराने आटोक्यात ठेवता येणाऱ्या आजारांत आहे. वरण, दूध, पनीर बाजूला ठेवून रोजचं ताट मोजूनमापून वाढणाऱ्या घरांसाठी अशी नोंद महत्त्वाची असते.

आईच्या माघारी

पर्ल यांचं काम शेवटपर्यंत चालू राहिलं. १९४९ मध्ये त्यांनी ‘वेलकम हाउस’ ही दत्तक संस्था सुरू केली होती. आशियाई आणि अमेरिकन अशा मिश्र वंशाच्या ज्या मुलांना दुसरी कुणी संस्था घ्यायला तयार नव्हती, त्यांच्यासाठी ती होती. त्यांनी स्वतःही अनेक मुलं दत्तक घेतली. १९६५ मध्ये मतिमंद व्यक्तींनी समाजाला काय दिलं, यावर त्यांनी आणखी एक पुस्तक सहलेखनातून लिहिलं.

६ मार्च १९७३ रोजी व्हरमाँटमध्ये त्यांचं निधन झालं. पेनसिल्व्हेनियातल्या त्यांच्या शेतावर त्यांची समाधी आहे. तिच्यावर फक्त चिनी अक्षरांत त्यांचं नाव कोरलेलं आहे.

कॅरल त्यानंतर एकोणीस वर्षं जगली. व्हाइनलँडमध्ये, ओळखीच्या माणसांत, आपल्या आवडीचं संगीत ऐकत. १९९२ मध्ये बहात्तराव्या वर्षी ती गेली आणि तिथेच तिला पुरण्यात आलं. आपल्या माघारी हिचं कसं होणार, या प्रश्नाचं उत्तर तिच्या आईने तिच्यासाठी देऊन ठेवलं होतं. आज जन्मणाऱ्या पीकेयूच्या बाळांसाठी ते उत्तर टाचेतून घेतलेल्या रक्ताच्या दोन-चार थेंबांत आहे, ते वेळेत घेतले गेले तर.