इन्सुलिनचे संशोधक डॉ. बँटिंग

१४ नोव्हेंबर हा दिवस तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. पंडित जवाहरलाल नेहरूंचा हा जन्मदिवस आपण बालदिन म्हणून साजरा करतो. याच तारखेला, १८९१ साली, कॅनडा देशातील एका शेतकऱ्याच्या घरी एक मुलगा जन्मला. त्याचे नाव फ्रेडरिक बँटिंग. जगभर १४ नोव्हेंबर हा मधुमेह दिन म्हणूनही पाळला जातो, तो या फ्रेडरिकच्या जन्मदिवसामुळे.

मधुमेह हा फार जुना रोग आहे. सुश्रुतसंहितेत त्याचे वर्णन आहे. इब्न सीना यांच्या अल्-कानून या प्रसिद्ध ग्रंथातही आहे. उर्दूत आपण त्याला झियाबीतस म्हणतो आणि घरात बोलताना नुसतेच ‘शुगर’ म्हणतो. भाकरी, भात, बटाटा असे अन्न पचले की त्याची साखर होते व ती रक्तात जाते. रक्तातून ती शरीराच्या पेशींत शिरली तरच आपल्याला शक्ती मिळते. पण पेशीचे दार आपोआप उघडत नाही. त्यासाठी इन्सुलिन नावाचा एक रस लागतो. जठराच्या मागे स्वादुपिंड नावाचा अवयव असतो, त्यात तो तयार होतो. हा रसच तयार झाला नाही, तर साखर रक्तात साचते आणि लघवीवाटे निघून जाते. रोगी भरपूर खातो, तरी त्याच्या पेशी उपाशीच राहतात.

मोठ्या माणसांचा मधुमेह बहुधा सावकाश वाढतो. त्यांच्या शरीरात इन्सुलिन असते, पण ते पुरेसे काम करत नाही. लहान मुलांचा मधुमेह मात्र निराळा. त्यात इन्सुलिन जवळजवळ संपूनच जाते. १९२१ पर्यंत या मुलांसाठी डॉक्टरांपाशी एकच उपाय होता, तो म्हणजे उपासमार. मुलाला इतके कमी खायला द्यायचे की रक्तात साखर वाढूच नये. त्यामुळे मूल काही महिने, फार तर दोन-तीन वर्षे जगे. त्याच्या अंगावर हाडे आणि कातडी उरे. भुकेने रडणाऱ्या मुलाला आईने घास द्यायचा नाही, असे ते औषध होते. यापेक्षा कठोर उपचार शोधूनही सापडायचा नाही.

ही स्थिती ज्यांनी बदलली, ते बँटिंग शाळेत काही हुशार विद्यार्थी म्हणून ओळखले जात नव्हते. स्पेलिंगच्या चुका तर त्यांनी जन्मभर केल्या. ॲलिस्टन गावाजवळच्या शेतावर पाच भावंडांत ते सर्वांत धाकटे. १९१० साली ते टोरांटो विद्यापीठात कला शाखेत दाखल झाले आणि पहिल्याच वर्षी नापास झाले. पुढे १९१२ मध्ये त्यांनी वैद्यकीय शिक्षण सुरू केले. पहिले महायुद्ध चालू असल्यामुळे त्यांच्या वर्गाचा अभ्यासक्रम घाईने पुरा करण्यात आला. १९१६ च्या डिसेंबरात पदवी मिळताच ते सैन्यातील डॉक्टर म्हणून युरोपात गेले. सप्टेंबर १९१८ मध्ये फ्रान्समधील कँब्रे येथील लढाईत बाँबचा तुकडा त्यांच्या उजव्या हातात घुसला. तशा जखमी अवस्थेतही ते कित्येक तास इतर जखमी सैनिकांवर उपचार करत राहिले. या कामगिरीबद्दल त्यांना मिलिटरी क्रॉस हे शौर्यपदक मिळाले.

युद्ध संपल्यावर शौर्यपदकाने पोट भरत नाही, हे त्यांना लवकरच कळले. १९२० साली त्यांनी लंडन या गावी दवाखाना थाटला. हे लंडन इंग्लंडमधले नव्हे, कॅनडातले. महिनाभर ते दारावरची पाटी पाहत बसले, पण रुग्ण काही येईना. पहिल्या महिन्याची कमाई झाली फक्त ४ डॉलर. थोडे पैसे मिळावेत म्हणून ते तेथील विद्यापीठात शिकवू लागले.

३० ऑक्टोबर १९२० च्या रात्री ते दुसऱ्या दिवशीच्या पाठाची तयारी करत होते. विषय होता शरीरातील साखर आणि स्वादुपिंड. झोपण्यापूर्वी त्यांनी एका मासिकातील स्वादुपिंडावरचा लेख वाचला. झोप येईना. पहाटे दोनच्या सुमारास ते उठले आणि त्यांनी वहीत काही ओळी लिहिल्या. त्यातही ‘डायबिटीस’चे स्पेलिंग चुकलेच!

त्या ओळींत काय होते? स्वादुपिंडात दोन प्रकारच्या पेशी असतात. बऱ्याचशा पेशी अन्न पचवणारा रस तयार करतात आणि तो नळीने आतड्यात सोडतात. त्यांच्यामध्ये लहान लहान बेटांसारखे पेशींचे पुंजके असतात. लँगरहान्स या जर्मन शास्त्रज्ञाने १८६९ मध्ये ते प्रथम पाहिले होते. मधुमेह रोखणारा रस या बेटांतच असावा, असा अनेकांना संशय होता. लॅटिनमध्ये बेटाला ‘इन्सुला’ म्हणतात, त्यावरून पुढे इन्सुलिन हे नाव पडले. अडचण अशी होती की, स्वादुपिंड वाटून त्याचा अर्क काढला की पाचक रस त्या दुसऱ्या रसाचा नाश करत असावा. बँटिंग यांची कल्पना अशी की, कुत्र्याच्या स्वादुपिंडाची नळी बांधून टाकावी. काही आठवड्यांनी पाचक रसाच्या पेशी सुकून जातील, बेटे तेवढी उरतील. मग त्यांचा अर्क काढावा.

ही कल्पना घेऊन ते टोरांटो विद्यापीठातील प्राध्यापक मॅक्लाउड यांच्याकडे गेले. मॅक्लाउड हे साखरेच्या विषयातील जाणते शास्त्रज्ञ होते. समोर बसलेल्या या तरुण सर्जनचे त्या विषयातील ज्ञान अगदीच तुटपुंजे आहे, हे त्यांनी ओळखले. तरीही त्यांनी नकार दिला नाही. उन्हाळ्याच्या सुटीपुरती एक खोली, दहा कुत्रे आणि एक मदतनीस देण्याचे त्यांनी कबूल केले. मदतनीस म्हणून दोन विद्यार्थी तयार होते. आधी कोणी जायचे हे नाणे उडवून ठरले आणि चार्ल्स बेस्ट या २२ वर्षांच्या तरुणाचा नंबर लागला.

१७ मे १९२१ रोजी काम सुरू झाले. जूनमध्ये मॅक्लाउड स्कॉटलंडला निघून गेले. इकडे खोलीत उकाडा असह्य होता. शस्त्रक्रिया बिघडत, कुत्रे दगावत. दिलेले कुत्रे संपले, तेव्हा या दोघांनी नवे कुत्रे विकत आणले. बँटिंग यांना या कामाचा पगारही मिळत नव्हता. या शोधाची हकिकत सांगताना त्या मुक्या प्राण्यांचा उल्लेख न करणे योग्य होणार नाही. बँटिंग यांनाही त्यांचा लळा होता.

३० जुलै रोजी त्यांनी स्वादुपिंड काढून टाकलेल्या एका कुत्र्याला अर्काचे इंजेक्शन दिले. तासाभरात त्याच्या रक्तातील साखर २०० वरून १२० वर उतरली. दुसऱ्या दिवशी तो कुत्रा मेला, पण मार्ग सापडला होता. पुढे मार्जरी नावाची एक कुत्री या अर्कावर सुमारे ७० दिवस जगली.

येथे एक गोष्ट सांगायला हवी. बँटिंग यांची पहाटेची कल्पना पुरती बरोबर नव्हती. नळी बांधून आठवडेच्या आठवडे थांबण्याची गरजच नव्हती. कत्तलखान्यातून आणलेले गाईचे ताजे स्वादुपिंड अल्कोहोलमध्ये घालून अर्क काढला, तरी काम भागत होते. हे त्यांना काम करता करताच समजले. चुकीच्या वाटेने निघून ते योग्य ठिकाणी पोहोचले, कारण ते मधेच परत फिरले नाहीत.

डिसेंबर १९२१ मध्ये जेम्स कॉलिप हे रसायनशास्त्रज्ञ त्यांना येऊन मिळाले. अर्क शुद्ध करण्याचे काम त्यांच्याकडे आले. पण बँटिंग यांना धीर नव्हता. टोरांटोच्या रुग्णालयात लिओनार्ड थॉम्पसन हा १४ वर्षांचा मुलगा मृत्यूच्या दारात होता. त्याचे वजन जेमतेम ३० किलो उरले होते. ११ जानेवारी १९२२ रोजी त्याला बँटिंग आणि बेस्ट यांनी बनवलेल्या अर्काचे इंजेक्शन देण्यात आले. साखर थोडीशी उतरली, पण अर्क अशुद्ध असल्यामुळे सुई टोचलेल्या जागी गळू झाले. उपचार थांबवावा लागला.

पुढचे बारा दिवस कॉलिप प्रयोगशाळेत राबत होते. अखेर त्यांना शुद्ध अर्क साधला. २३ जानेवारीला लिओनार्डला पुन्हा इंजेक्शने सुरू झाली. या वेळी त्याच्या रक्तातील साखर ५२० वरून १२० पर्यंत खाली आली. लघवीतील साखर जवळजवळ नाहीशी झाली. मुलगा उठून बसला, त्याला तरतरी आली. तो आणखी १३ वर्षे जगला.

याच दिवसांत प्रयोगशाळेत मात्र भांडणे जुंपली होती. शुद्धीकरणाची रीत सांगायला कॉलिप तयार नव्हते. बँटिंग इतके संतापले की प्रकरण हातघाईवर आले. बँटिंग तापट होते आणि संशयीही होते. मॅक्लाउड सारे श्रेय लाटतील, अशी भीती त्यांच्या मनात घर करून होती. पुढे आणखी एक संकट आले. मोठ्या प्रमाणावर इन्सुलिन बनवायला घेतले, तेव्हा कॉलिप यांची रीतच जमेनाशी झाली! काही आठवडे इन्सुलिनचा तुटवडा पडला. बाहेर रुग्णांचे आईबाप वाट पाहत होते. मे महिन्यात पुन्हा नीट इन्सुलिन तयार होऊ लागले, तेव्हा कुठे सर्वांचा जीव भांड्यात पडला.

ऑगस्ट १९२२ मध्ये अमेरिकेच्या परराष्ट्रमंत्र्यांची मुलगी एलिझाबेथ ह्यूज बँटिंग यांच्याकडे आली. ती १५ वर्षांची होत होती आणि तिचे वजन होते सुमारे २० किलो. तीन वर्षे उपासमार सोसून ती जगली होती. इन्सुलिन सुरू झाल्यावर तिला पुन्हा पोटभर जेवता येऊ लागले. पुढे तिचे लग्न झाले, मुले झाली. ती वारली १९८१ साली, वयाच्या ७३व्या वर्षी.

या शोधाचे पैसे करायचे ठरवले असते, तर बँटिंग अफाट श्रीमंत झाले असते. पण डॉक्टरने औषधाचे हक्क स्वतःच्या नावावर घ्यावेत, हेच त्यांना प्रथम पसंत नव्हते. शेवटी २३ जानेवारी १९२३ रोजी बँटिंग, बेस्ट आणि कॉलिप यांनी इन्सुलिनचे हक्क प्रत्येकी फक्त एक डॉलर घेऊन टोरांटो विद्यापीठाला देऊन टाकले.

त्याच वर्षी नोबेल पारितोषिक जाहीर झाले, बँटिंग आणि मॅक्लाउड यांना. बेस्ट यांचे नाव नाही म्हणून बँटिंग खवळले. त्यांनी आपल्या रकमेचा अर्धा वाटा बेस्टना दिला. मग मॅक्लाउड यांनीही आपला अर्धा वाटा कॉलिपना दिला. रुमानियातील पाउलेस्कू या शास्त्रज्ञाने १९२१ मध्येच असाच अर्क काढल्याचे प्रसिद्ध केले होते. त्यांना मात्र काहीच मिळाले नाही. बँटिंग त्या वेळी ३२ वर्षांचे होते. वैद्यकशास्त्राचे नोबेल इतक्या लहान वयात त्यांच्यानंतर कोणालाही मिळालेले नाही.

कीर्ती मिळाली, पण तिच्यात ते फारसे रमले नाहीत. त्यांना चित्रे काढण्याची आवड होती. ए. वाय. जॅक्सन या चित्रकार मित्राबरोबर १९२७ साली ते उत्तर ध्रुवाकडच्या बर्फाळ प्रदेशात चित्रे काढायला गेले. इन्सुलिनसारखा दुसरा शोध मात्र त्यांच्या हातून लागला नाही.

इन्सुलिनची कथा पुढे इतरांनी नेली. पेशीच्या पृष्ठभागावर इन्सुलिनला ओळखणारी एक जागा असते. तेथे इन्सुलिन चिकटले की पेशीच्या आत निरोप जातो आणि साखरेला वाट मिळते. १९८२ मध्ये जिवाणूंकडून बनवून घेतलेले मानवी इन्सुलिन अमेरिकेत वापरात आले. आणखी एक नवल १९९३ साली समजले. मातीत राहणाऱ्या, जेमतेम एक मिलिमीटर लांबीच्या एका कृमीत एका जनुकात बदल झाला, तर तो कृमी जवळजवळ दुप्पट दिवस जगतो, असे सिंथिया केन्यन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना आढळले. १९९७ मध्ये कळले की ते जनुक म्हणजे इन्सुलिन ओळखणाऱ्या त्या जागेचेच भावंड आहे. साखरेचा निरोप आणि म्हातारपण यांचा असा संबंध असेल, हे बँटिंग यांच्या स्वप्नातही आले नसेल. माणसात हे कसे घडते, याचे संशोधन चालू आहे.

दुसरे महायुद्ध सुरू झाले, तेव्हा बँटिंग पुन्हा सैन्याच्या कामाला लागले. उंचावर उडणाऱ्या वैमानिकांना चक्कर का येते, यावर त्यांच्या देखरेखीखाली संशोधन चालले होते. २० फेब्रुवारी १९४१ च्या रात्री ते एका बाँबफेकी विमानातून इंग्लंडला निघाले. न्यू फाउंडलंड बेटावरून उड्डाण केल्यावर थोड्याच वेळात इंजिन बिघडले आणि विमान बर्फात कोसळले. वैमानिक तेवढा वाचला. जबर जखमी झालेले बँटिंग दुसऱ्या दिवशी वारले. ते ४९ वर्षांचे होते.

कॅनडातील लंडन गावचे त्यांचे घर आता संग्रहालय झाले आहे. ज्या खोलीत त्या रात्री त्यांना झोप आली नाही, ती खोली तेथे पाहायला मिळते. घराबाहेर १९८९ मध्ये एक ज्योत लावण्यात आली. इन्सुलिनने रोगी जगतो, पण रोग बरा होत नाही. मधुमेह मुळापासून बरा करणारा उपाय सापडेल, त्या दिवशी ती विझवायची असे ठरले आहे. ती अजून जळत आहे.